एका पत्तीचे वाद्य

तुळशीचे लग्न लागले की नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातील बँडपथकांच्या पेट्या उघडतात आणि मधला पौष सोडला तर ज्येष्ठाचा पहिला पाऊस पडेपर्यंत त्या सहसा मिटत नाहीत. उन्हाळ कांद्याचे चार पैसे हाती येतील या हिशेबाने ठरलेली लग्ने, हळदीची रात्र, नवरदेवाची मिरवणूक, आणि चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस सप्तशृंगीच्या गडाकडे खानदेशातून पायी निघालेल्या मंडळींचा गजर, या साऱ्या प्रसंगांची सुपारी ज्या पथकांकडे जाते त्यांच्या वाजवण्यात ढोलाचा घुमारा आणि ट्रंपेटचा पितळी ठणका यांच्या तळाशी एक काळसर, किंचित सानुनासिक, परंतु विलक्षण लवचीक असा आवाज चाललेला असतो. तो क्लॅरिनेटचा आवाज होय. बँडवाले त्यास 'क्लॅरोनेट' म्हणतात. गाण्याचा मुखडा ट्रंपेट घेते आणि टाळ्याही तेच घेऊन जाते. परंतु अंतऱ्यातील हळव्या जागा, दोन ओळींमधले भराव आणि सुरांना जोडणारे घसीट यांचा सगळा कारभार या काळ्या नळीकडे असतो. अलीकडे चाकांच्या गाड्यावर विजेचा कीबोर्ड आणि त्याभोवती भोंगे चढल्यापासून हा आवाज दबत चालला आहे, आणि म्हणूनच तो कशाचा आहे, कसा निघतो व टिकवावा कसा, हे त्याच्याशी परिचय नसलेल्या वाचकाला सांगण्याची ही वेळ योग्य आहे असे मला वाटते.

क्लॅरिनेट विलायती खरे, परंतु ज्या तत्त्वावर ते वाजते ते तत्त्व कळवणच्या डोंगरास मुळीच परके नाही. मार्गशीर्षात कोकणा, भिल्ल आदी समाजांत डोंगऱ्या देवाचा उत्सव मांडला जातो, तेव्हा पावरी वाजते आणि तिच्या सुरावर माणसे रात्र रात्र नाचतात. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाशी शिंगासारखे तोंड, असे हे वाद्य आहे. कोकणपट्टीतील वारल्यांचा तारपा आणि गारुड्याची पुंगी ही तिची भावंडे. या तिन्ही वाद्यांच्या पोटात, वादकाच्या जिभेला न लागता, एकेरी पत्ती थरथरत असते. सनईची गोष्ट निराळी: तिच्या जिभाळीत दोन पाती समोरासमोर असतात आणि ती दोन्ही एकमेकींवर आपटतात. होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघा पंडितांनी १९१४ साली जगातील वाद्यांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले व जे आजही ग्राह्य मानले जाते, त्यात शुषिर वाद्यांच्या दुहेरी पत्तीच्या पोटवर्गात सनई बसते, आणि एकेरी पत्तीच्या पोटवर्गात क्लॅरिनेट, पुंगी व पावरीसारखी वाद्ये शेजारी शेजारी बसतात. म्हणजे लग्नाच्या मांडवात क्लॅरिनेटने सनईची जागा घेतली असली, तरी रक्ताच्या नात्याने ते सनईचे कोणी नव्हे. कळवणच्या दळवट-कनाशी डोंगरांत घुमणाऱ्या पावरीचे ते दूरदेशी वाढलेले नातलग आहे.

या नातलगाची एक खोड मात्र अशी आहे की तिने तीनशे वर्षे कारागिरांना घाम फोडला. बासरी दोन्ही टोकांना उघडी असते. तिच्यात मध्य षड्ज वाजवून फुंक जरा तीव्र केली की, बोटे न हलविता तार षड्ज निघतो. सनईचेही तेच, कारण तिची नळी पत्तीकडे अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारी, शंकूच्या आकाराची असते. क्लॅरिनेटची नळी मात्र आतून जवळजवळ सर्वत्र सारख्या, सुमारे १५ मिलिमीटर व्यासाची, आणि पत्तीच्या बाजूने ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद. अशा नळीत मूळ नादाचे दुप्पट कंपनसंख्येचे उपनाद जवळजवळ उठतच नाहीत. उठतात ते तिप्पट, पाचपट असे विषम. त्याचा एक परिणाम असा की सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीची ही नळी तेवढ्याच लांबीच्या बासरीपेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली उतरू शकते, आणि तिचा खर्ज त्या गडद, लाकडी गोडव्याने भरलेला असतो. दुसरा परिणाम असा की, षड्ज धरून डाव्या अंगठ्याजवळची चावी दाबली असता तार षड्जाऐवजी एकदम तार पंचम उमटतो. बासरी सोडून क्लॅरिनेटकडे आलेला विद्यार्थी येथे हमखास बुचकळ्यात पडतो, कारण एकच बोटबंदी खाली 'सा' आणि वर 'प' देते, आणि त्यास एका सप्तकाची नव्हे तर दोन निरनिराळ्या प्रदेशांची वाट पाठ करावी लागते.

त्याहून मोठी अडचण मधल्या रिकाम्या जागेची. खालचा प्रदेश संपून वरचा सुरू होईपर्यंत अर्धस्वरांसह एकोणीस स्वर भरावे लागतात, आणि उजवा अंगठा वाद्याचा पाऊण किलोभर भार पेलण्यात गुंतल्याने वाजविण्यास बोटे उरतात नऊ. सगळ्या चाव्या, कड्या आणि स्प्रिंगांचा सरंजाम जन्मास आला तो या नऊ आणि एकोणीसच्या तफावतीतून. १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर याने 'शालुमो' नावाच्या साध्या एकपत्ती नळीला सुधारून क्लॅरिनेट घडविले असे मानतात. त्या आरंभीच्या वाद्यास दोनच चाव्या होत्या. १८१२ मध्ये इव्हान म्युलर याने तेरा चाव्यांचे वाद्य पुढे आणले, आणि १८४० च्या आगेमागे पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक व ब्युफे हा कारागीर यांनी बोएम या कारागिराच्या बासरीवरील कड्यांची कल्पना येथे लावून सतरा चाव्यांची व सहा कड्यांची ती रचना सिद्ध केली जी 'बोएम पद्धती' या नावाने आज जगभर शिकविली जाते. मोत्सार्टने १७९१ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, या वाद्यासाठी जो कॉन्चेर्टो रचला, तो या सर्व सोयी होण्यापूर्वीचा आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या वादकांच्या बोटांविषयी आदर दुणावतो.

हिंदुस्थानात हे वाद्य पलटणींच्या बँडबरोबर आले आणि संस्थानिकांच्या दरबारी स्थिरावले. नाशिक जिल्ह्याचा या प्रकरणाशी एक आडवळणाचा संबंध आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज जन्मले ते मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी, ११ मार्च १८६३ रोजी. पुढे त्यांच्याच आश्रयाने १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांची गायनशाळा बडोद्यास निघाली, आणि मौलाबक्षांचे चिरंजीव लंडनच्या रॉयल अकॅडमीत विलायती संगीताचे शिक्षण घेऊन आले. संस्थानच्या बँडमध्ये पगारी नोकरी करून बाहेर पडलेला वादक गावोगावी शागीर्द तयार करी, आणि पलटणीतून मुक्त झालेला वादकही तेच करी. खाजगी लग्नबँडांची वंशावळ या दोन शाखांपाशी येऊन थांबते. मीरतच्या नादिर अली यांनी १८८५ साली स्थापिलेल्या पेढीने व पुढे त्या शहराच्या जली कोठी भागातील कारखान्यांनी देशी वाद्ये स्वस्तात पुरविली नसती, तर ही विद्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचली असती की नाही याची मला शंका आहे. पुण्याच्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात आणि दरबार या ब्रास बँडांना जो मान आहे तो वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास ठाऊकच आहे.

मात्र बँडचे वाद्य म्हणून क्लॅरिनेटला मैफलीबाहेर उभे करणाऱ्यांशी माझा वाद आहे. दक्षिणेत तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतातील गमके या वाद्यावर इतक्या अस्सलपणे काढली की मद्रास म्युझिक अकॅडमीने २००८ साली त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी रागविस्तार मांडला. आणि मास्टर इब्राहिम यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजवून भरलेल्या तबकड्या एके काळी घरोघरी फिरत होत्या. परदेशी वाद्यात श्रुती नाहीत हा आक्षेप बाजाच्या पेटीवरही घेतला गेला, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीस वर्ज्यही केले होते. पेटीला तरी सूर वाकविता येत नाही हे खरे होते. क्लॅरिनेटला तो येतो. चावीने ठरवून दिलेला शुद्ध गांधार अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो, परंतु जबड्याची पकड किंचित सैल करून आणि तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून वादक तो खाली आणू शकतो. मींड काढताना बोट भोकावरून एकदम न उचलता हळूहळू सरकवावे लागते. गर्श्विनच्या १९२४ मधील 'ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू'च्या आरंभी क्लॅरिनेटचा सूर जो खालून वर ओढला जातो व ज्याने अमेरिकन श्रोते थक्क झाले, ती ओढ याच कसबाची आहे.

शिकू इच्छिणाऱ्याने प्रथम एक गोष्ट मनात ठरवावी: आरंभीचे काही दिवस वाद्य पेटीतच राहू द्यायचे आणि फक्त पत्ती बसविलेले माऊथपीस व त्याखालचा बॅरलचा तुकडा हाती घ्यायचा. वरचे दात माऊथपीसवर टेकवावे, खालचा ओठ खालच्या दातांवर हलकेच दुमडावा आणि त्या गादीवर पत्ती विसावू द्यावी. ओठांचे कोपरे आवळलेले, हनुवटी ताणून सपाट, गाल मुळीच फुगलेले नाहीत. दम छातीच्या वरच्या भागातून नव्हे, पोटातून उठला पाहिजे. मिरवणुकीत ढोलाशी झुंजणाऱ्या वादकाचे गाल फुगलेले दिसतात, ते पाहून नवशिका त्याचे अनुकरण करतो आणि पहिल्याच महिन्यात सूर चिरकण्याची सवय लावून घेतो. चिरकण्याचे कारण बहुधा तीनांपैकी एक असते: ओठांनी पत्ती चावली जाणे, एखादे भोक बोटाने पुरते न झाकले जाणे, अथवा एखाद्या चावीखालची गादी गळती असणे. यांतले पहिले दोन दोष शिष्याचे, तिसरा वाद्याचा. परंतु प्रत्येक नवशिका तिसऱ्याचीच तक्रार प्रथम करतो.

त्यानंतर सरळ, लांब स्वर. खर्जातील एकेक स्वर श्वास संपेपर्यंत एकाच जाडीचा धरणे, मग जिभेच्या शेंड्याने पत्तीस हलका स्पर्श करून स्वर तोडणे, मग अलंकार. खालच्या प्रदेशातून वरच्यात जाण्याची जी उंबरठ्याची जागा आहे, जेथे एका क्षणी जवळजवळ सर्व भोके उघडी असतात आणि पुढच्याच क्षणी सर्व झाकून मागची चावी दाबावी लागते, तेथे प्रत्येकाचे पाऊल अडखळते, आणि ती जागा गुळगुळीत होण्यास महिने जातात हे आधीच सांगितलेले बरे. पेटीच्या साथीने बसणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की सर्वत्र मिळणारे नेहमीचे 'बी फ्लॅट' क्लॅरिनेट, ज्यास पुस्तकात 'सी' म्हणतात तो स्वर वाजविले असता, पेटीच्या काळी पाचशी जुळते, आणि त्याहून किंचित लांब असलेले 'ए' जातीचे क्लॅरिनेट पांढरी सहाशी. पुस्तकी नावे आणि पेटीच्या पट्ट्या यांचा मेळ न कळल्याने कित्येकांचा पहिला सराव उगाच बेसूर होतो.

गुरूचा प्रश्न तालुक्याच्या गावी कठीण आहे, पण वाटतो तितका नाही. ओठ, बोटे आणि दम यांचे शिक्षण बँडमास्तरांकडे मिळेल. त्यांनी आयुष्यभर उन्हात चालता चालता वाजविलेले असते, आणि तसे वाजविण्यास जी दमछाक सोसावी लागते ती मैफलीच्या कलावंतास स्वप्नातही ठाऊक नसते. स्वरज्ञानासाठी मात्र गायनशिक्षकाचे पाय धरावे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास विद्यालय काढून गाण्याचे शिक्षण घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकच्या पंचवटीत आश्रम स्थापून वास्तव्य केले. त्यांच्या परंपरेचे गायनवर्ग जिल्ह्यात दुर्मीळ नाहीत. क्लॅरिनेट घेऊन गायनवर्गात जाणाऱ्या मुलाकडे प्रथम लोक विचित्र नजरेने पाहतील. पाहू द्यावे. वाद्य विकत घेताना बोएम पद्धतीचे घ्यावे की अल्बर्ट या बेल्जियन कारागिराच्या नावाने ओळखली जाणारी जुनी, कमी कड्यांची रचना घ्यावी, यावर बँडवाले तासन्‌तास भांडू शकतात. तुर्की व ग्रीक वादक आणि न्यू ऑर्लिन्सचे जुने जाझवाले अल्बर्ट पद्धत पसंत करीत, कारण तिच्यावर बोटे सरकवून सूर ओढणे सुलभ जाते; आमच्या संगीताचा कलही तिकडेच आहे, म्हणून ज्यास मींड प्यारी आहे त्याने जुन्या पद्धतीस नावे ठेवू नयेत असे माझे मत आहे. पुस्तकांच्या आधारे शिकणाऱ्याने मात्र बोएमच घ्यावे.

आता निगेविषयी, आणि त्यात प्रथम पत्तीविषयी, कारण सगळ्या वाद्याचा प्राण तिच्यात. बोरूसारखे उंच वाढणारे एक गवत भूमध्य समुद्राकाठी होते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील वार परगण्यातले त्याचे कांड सर्वोत्तम समजतात. दोन वर्षे वाढलेले कांड हिवाळ्यात तोडून, वाळवून, उन्हात पिवळे करून त्यापासून जी पत्ती कापतात, तिचे टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके पातळ असते, आणि वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वराला ते सेकंदास सुमारे १४७ वेळा उघडझाप करते. नवशिक्याने दोन किंवा अडीच क्रमांकाची पत्ती घ्यावी. मोठ्या क्रमांकाची कडक पत्ती म्हणजे मोठा वादक, ही समजूत निव्वळ फुशारकीची आहे. एकच पत्ती तुटेपर्यंत वाजविण्यापेक्षा तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापराव्या, वाजवून झाल्यावर पुसून सपाट काचेवर वाळू द्याव्या, आणि माऊथपीसला आवळून रात्रभर ठेवू नये, नाही तर ती वाकते व बुरशी धरते.

चांगली क्लॅरिनेटे ज्या काळ्या लाकडाची होतात ते आफ्रिकेतील टांझानिया-मोझांबिक भागातील, तिकडे 'म्पिंगो' म्हणून ओळखले जाणारे झाड असून आपल्या शिसवाच्याच कुळातले आहे; पाण्यात बुडेल इतके ते जड. असे लाकूडही तडकते, आणि कळवणच्या हवेत त्यास तडकण्याचे निमित्त भरपूर. लग्नसराई येते ती नेमकी कोरड्या महिन्यांत: मार्गशीर्षातल्या रात्री गिरणेकाठी थंडी बोचरी, वैशाखात दुपारचे ऊन रणरणते. वादकाच्या श्वासाने नळी आतून ओली होऊन फुगू पाहते, बाहेरून हवा तिला आकसवते, आणि या ओढाताणीत बहुधा वरच्या तुकड्याला उभी चीर जाते. म्हणून थंडीत वाद्य हातांत व अंगाच्या उबेत थोडे गरम करून मगच फुंकावे, नवे लाकडी वाद्य पहिले काही आठवडे दिवसाकाठी थोडाच वेळ वाजवावे, आणि मिरवणुकीसाठी शक्य तो लाकडी वाद्य काढूच नये. त्यासाठी एबोनाइटचे किंवा प्लॅस्टिकचे पुरे. एबोनाइट उन्हात हिरवट-तपकिरी पडते एवढाच त्याचा दोष. वाजवून होताच दोरीला बांधलेली मलमलीची चिंधी नळीतून ओढून ओल टिपावी. आतून तेलाचा हात वर्षातून एक-दोनदा, बदामाच्या तेलाचा, अगदी पुसट द्यावा. खोबरेल हाताशी असते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, परंतु आमच्या थंडीत ते थिजते. चाव्यांच्या सांध्यांना शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने पोचवावा. तो गादीवर सांडला तर गादी गेली म्हणून समजावे. सांध्यांवरील बूच कोरडे पडू देऊ नये, आणि तुकडे जोडताना चाव्या मुठीत चिरडून पिळू नये.

आषाढ लागला की सुपाऱ्या थांबतात, पथके शेतीला लागतात, आणि पेट्यांत बंद पडलेल्या वाद्यांच्या गाद्यांना पावसाळी ओल लागते. पेटी आठवड्यातून एकदा उघडून वाऱ्याला ठेवणे एवढा बंदोबस्त त्यावर पुरतो, पण तो करणारे थोडे. जुनी वाद्ये विकावयास निघतात तीही याच दिवसांत, आणि शिकू पाहणाऱ्याने घ्यावे तर तेव्हाच घ्यावे, कारण विकणारा निकडीत असतो. बाह्य चकाकी पाहू नये. वरचा तुकडा सुटा हाती घेऊन त्याचे खालचे तोंड तळहाताने झाकावे, सर्व भोकांवर बोटे ठेवावी, आणि वरून हवा ओढून घ्यावी: पोकळी क्षणभर टिकून ओठांना ओढ लागली तर गाद्या शाबूत आहेत, ओढ न लागता हवा सरळ येत राहिली तर कोठे तरी गळती आहे. मग सिगारेटचा पातळ कागद एकेका गादीखाली धरून चावी मिटावी आणि कागद हळूच ओढावा. जेथे तो अडकत नाही ती गादी बदलावयाची. लाकडावर चीर दिसली आणि ती एखाद्या भोकात शिरत असेल, तर ते वाद्य कितीही नामांकित कारखान्याचे असो, परत करावे. गाद्यांचे मात्र तसे नाही: त्या सर्व बदलण्यास कसबी कारागिराचा दिवसभर मोडतो, आणि तेवढी मजुरी विकणाऱ्याने किमतीतून वजा करावी, हा आग्रह धरण्यात संकोच करू नये.